शिसवीची पट्टी, तांब्याची तार

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दादरला आमच्या चुलतभावाच्या घरी एक लांबट, काळी, पितळी कड्यांची पेटी आली. भावाचा मुलगा नोकरीस लागून सहा वर्षे झाली; त्या सहा वर्षांच्या शिलकीतून त्याने गिब्सन कंपनीची लेस पॉल जातीची इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली होती. किंमत लाखांच्या घरात. नेमका आकडा त्याच्या आईस अजून ठाऊक नाही, म्हणून आम्हीही तो येथे छापीत नाही. पेटी उघडताना आम्ही हजर असावे असा त्याचा आग्रह होता. कारण घरातील गिटारचा जो काही इतिहास आहे तो सांगू शकणारे आता आम्हीच काय ते उरलो आहोत.

पेटी उघडली तेव्हा आधी आला तो वास. नव्या रोगणाचा, गोडसर, थोडा केकच्या दुकानातल्यासारखा. मग दिसला तो रंग: कडेला मधासारखा पिवळा आणि खाली लालसर होत गेलेला. पुतण्याने ती बाहेर काढून आईच्या हाती दिली आणि वहिनींचे हात एकदम खाली गेले. “अरे, हा तर पाटा आहे पाटा! गळ्यात अडकवून उभा कसा राहणार तू?” त्या म्हणाल्या. वजन चार किलोंच्या आसपास असावे. “काका, तुम्ही धरा,” असे म्हणून त्याने ती आमच्याकडे दिली. आम्हांस वाजविता येत नाही. वाजविणाऱ्याच्या घरात वाढलो एवढेच. तरीही डाव्या हाताचा अंगठा मानेमागे आपोआप जागेवर गेला, आणि बोटे पट्टीवर टेकली तेव्हा ती पट्टी ओळखीची वाटली. त्याचे कारण पुढे येईल.

पुतण्याने अँप्लिफायरला न जोडताच तार छेडली. आवाज कसला? मच्छरदाणीबाहेरच्या डासाइतका. वहिनींचा चेहरा पडला. एवढ्या पैशांत एवढाच आवाज! पण या वाद्याच्या साऱ्या इतिहासाचे मूळ नेमके येथेच आहे. गिटार हे मुळात दुबळ्या आवाजाचे वाद्य. दिवाणखान्यात ते शोभे. पण १९२० नंतर अमेरिकेतील नाचगाण्यांच्या ताफ्यांत ट्रंपेट आणि सॅक्सोफोनच्या रांगा उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या मागे बसून गिटार वाजविणारा माणूस दिसे, ऐकू मात्र येत नसे. त्याला ऐकू येण्याची सोय विजेने केली. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे द्यावयाचे आणि ते वाद्याच्या पोलादी तारांखाली बसवावयाचे. तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि तांब्याच्या तारेत विजेचा क्षीण प्रवाह उमटतो. हे तत्त्व फॅरडेने १८३१ साली दाखविले होते. गिटारवर ते यशस्वीपणे बसविले जॉर्ज बोशाँ याने, अडॉल्फ रिकनबॅकर याच्या साह्याने, शंभर वर्षांनंतर. १९३२ साली विक्रीस आलेली ती पहिली इलेक्ट्रिक गिटार ॲल्युमिनियमची होती, आणि तिचा वाटोळा, लांब दांड्याचा आकार पाहून लोक तिला तळणीचा तवा म्हणत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. तो तवा उभ्याने वाजवावयाचा नव्हताच. तो मांडीवर आडवा ठेवून तारांवर पोलादाची कांडी सरकवीत वाजवावयाचा होता, हवाई बेटांतील पद्धतीने. म्हणजे इलेक्ट्रिक गिटार जगात अवतरली ती मांडीवर, आणि मुंबईतही ती प्रथम मांडीवरच बसली. याचे आम्हांस नवल वाटत नाही. सरकत्या कांडीने एका स्वरातून दुसऱ्यात अखंड जाता येते. आपल्या कानाला मींड हवी असते, आणि पडद्यांच्या गिटारला जी सहज जमत नाही ती कांडीला जमते. हजारा सिंग यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली या वाद्यावर वाजविल्या, तेव्हा शब्दांवाचूनही गाणे ओळखू येई. लखनौहून आलेले व्हॅन शिपली हे ख्रिस्ती कुटुंबातील वादक व्हायोलिन आणि इलेक्ट्रिक गिटार ही दोन्ही वाद्ये वाजवीत. त्यांनी आपली आठ तारांची गिटार स्वतःच आखून घेतली होती. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर अकॉर्डियनची साथ असे ती पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांची. पूर्वी आपल्या समाजातील लग्नघरी, वरात येईपर्यंत, या तबकड्या लावण्याची प्रथाच होती.

उभ्याने वाजविण्याची, जिला वादक मंडळी स्पॅनिश म्हणत, ती गिटार या शहरात आली नाचगाण्यांच्या ताफ्यांबरोबर. लिऑन ॲबी याचा जाझ ताफा १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढच्या काही वर्षांत गोव्याचे तरुण त्या कलेत तयार झाले. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलेले होते. ते घेऊन ही मुले धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावाच्या वसतिगृहांत, पथारी टाकीत. रात्री हॉटेल, दिवसा चित्रपटाचे ध्वनिमुद्रण. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांची जोडी जमली ती याच वाटेने. १९५१ च्या ‘अलबेला’मधील गाणी तिची साक्ष देतात. या ताफ्यांत गिटार होतीच, पण दुय्यम. तिला चित्रपटसंगीतात पुढचे आसन मिळाले ते साठीनंतर. राहुल देव बर्मन यांच्याकडे भूपिंदर सिंग यांनी १९७१ साली ‘दम मारो दम’ या गाण्यात वाजविलेली गिटार ठाऊक नाही असा माणूस विरळा. पण ती भूपिंदर यांची हे ठाऊक असणारा त्याहूनही विरळा. १९८० च्या ‘कर्ज’मधील सुप्रसिद्ध गिटार गोरख शर्मा यांची. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे, गीतकाराचे असे, वादकाचे नसे. परळच्या राजकमलमध्ये किंवा ताडदेवच्या स्टुडिओंत दिवसभर वाजवून संध्याकाळी पाकीट घेऊन लोकल गाडी पकडणारी ही माणसे आपल्याच शेजारात राहत होती, आणि आपण त्यांना ‘कुठेतरी बँडमध्ये आहे’ एवढ्यावरच ओळखत होतो.

यांतील बहुतेकांपाशी चांगले वाद्य नव्हते, ही बाब इतिहास लिहिणारे एका ओळीत उरकतात. आम्हांस ती मुख्य वाटते. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपण्यासाठी आयातीवर कडक परवाने आले, आणि परदेशी वाद्य ही चैनीची वस्तू ठरली. परदेशी गिटार येई ती जहाजावरील खलाशाच्या सामानातून, परत जाणाऱ्या प्रवाशाकडून, किंवा कोणाच्या आखाती देशांतील भावाकडून. एक गिटार तीन ताफ्यांत फिरे. १८६५ हे स्थापनेचे वर्ष मिरविणाऱ्या धोबीतलावच्या फुर्टाडोच्या काचेपुढे उभे राहून कित्येक मुलांनी आपल्या संध्याकाळी घालविल्या. कलकत्त्याच्या गिवसन गिटारी मिळत, आणि त्यांच्या नावातील एका अक्षराचा फेर हाच त्या काळचा विनोद होता. १९७२ साली लेड झेपलिन या ब्रिटिश ताफ्यातील जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईस आले आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या नाचघरात अचानक वाजवावयास उभे राहिले. जगातील सर्वांत धनवान गिटारवादकांपैकी एकाने त्या रात्री मुंबईकरांची उसनी सामग्री वापरली. आमच्या मते मुंबईच्या गिटारचा खरा इतिहास हा उसनवारीचा इतिहास आहे.

आमचे थोरले काका त्याच इतिहासातले. वसईहून येऊन ते परळच्या एका कापड गिरणीत विजेच्या खात्यात वायरमन म्हणून लागले. गावच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवीत असत. गिरगावातील एका लग्नात त्यांनी इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा जवळून पाहिली, आणि क्लॅरिनेट कायमची खुंटीला टांगली. विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी ती केली. १९६८ सालची ही गोष्ट. अंग सागवानी, एका पाडलेल्या वाड्याच्या दाराच्या फळीचे. बोटांखालची पट्टी शिसवीची. ती आजीच्या पलंगाच्या मोडक्या खुरातून निघाली. चुंबक जुन्या लाउडस्पीकरचे. केसासारखी बारीक तांब्याची तार लॅमिंग्टन रोडवरून आणली आणि शिवणयंत्राच्या चाकाला रीळ जोडून गुंडाळली. असे आठ हजार वेढे. मोजणार कोण? काकू शेजारी रोझरी घेऊन बसत. काकांनी शंभराचा आकडा उच्चारला की त्या एक मणी पुढे सरकवीत. माळेत मणी एकोणसाठ, तेव्हा एक फेरी पुरी करून दुसरीचे एकवीस मणी. या कामी माळ वापरल्याबद्दल काकूंनी पापनिवेदनात फादरांना सांगितले, आणि फादरांनी प्रायश्चित्त म्हणून तीच माळ एकदा नीट म्हणावयास सांगितली, अशी हकीकत त्या स्वतःच हसत सांगत.

अशा दोन कॉईल झाल्या. जुन्या रेडिओच्या वाल्वांचा अँप्लिफायर झाला. आणि गिटार वाजली; पण तिच्यामागे सतत भुंग्यासारखी गुणगुण. एकाच वेटोळ्याची कॉईल तारेचा थरथराट टिपते तशी आसपासच्या विजेच्या तारांचीही गुणगुण टिपते, आणि गिरणगावातील चाळीत विजेच्या तारा भिंतीभिंतीतून होत्या. शेजारी ट्यूबलाइट लागली की काकांची गिटार ओरडे. ते खोलीत गोल फिरून ज्या कोपऱ्यात गुणगुण कमी त्या कोपऱ्याकडे तोंड करून वाजवीत. तो कोपरा येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीचा असल्यामुळे नव्या माणसास ते प्रार्थना करीत आहेत असे वाटे. या दुखण्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर याने १९५५ सालीच उपाय काढला होता: दोन वेटोळी उलटसुलट जोडावयाची, म्हणजे बाहेरची गुणगुण एकमेकींस मारते आणि तारेचा आवाज तेवढा राहतो. काकांना हे माहीत नव्हते. त्यांच्याजवळ दोन कॉईल होत्या. त्या फक्त उलट्या जोडलेल्या नव्हत्या.

या गिटारवर त्यांनी लग्ने वाजविली, दादर-परळच्या हौशी ऑर्केस्ट्रांत वाजविली. चर्चमध्ये मात्र ती गेली नाही. दहावे पायस यांनी १९०३ साली उपासनेतून पियानो आणि ढोल-झांजा वर्ज्य केल्या होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजीच्या दस्तऐवजाने लोकभाषेला आणि स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांनाही दार उघडले. तरुणांच्या मिस्सेत लाकडी गिटार आली ती त्यानंतर. पण विजेच्या गिटारविषयी वडीलधाऱ्यांची मने साशंकच राहिली, आणि खरे सांगावयाचे तर ती गुणगुण ऐकून आमचेही मत त्या वडीलधाऱ्यांच्याच बाजूस होते.

लालबागेत मात्र विजेच्या तारांना कोणाची हरकत नव्हती. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ज्याला आपण बेंजो म्हणतो, तो अमेरिकन बेंजो नव्हे. ते जपानी ताइशोगोतो. नागोया शहरात गोरो मोरिता याने १९१२ साली टंकलेखन यंत्राच्या कळा तारांवर बसवून ते तयार केले. आपल्याकडे त्याचे बुलबुलतरंग झाले, आणि गिरणगावातील कोण्या हुन्नरी माणसाने त्यास पिकअप लावला. डाव्या हाताने कळा, उजव्या हाताने नखी, वायर अँप्लिफायरला, अँप्लिफायर हातगाडीवर. तत्त्व तेच, जे रिकनबॅकरच्या तव्यात होते. काका या बेंजोस हिणवीत. गिटार ती गिटार, असे म्हणत. आम्हांस वाटते की लालबाग-परळची खरी इलेक्ट्रिक गिटार तीच होय, आणि इतिहासकारांनी तिची दखल घेतली नाही हे केवळ ती रस्त्यावर वाजते म्हणून.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पहिले सहा महिने काकांनी लग्नांतील वाजविण्यावर काढले. पण संपाच्या दिवसांत गिरणगावात लग्ने होणार किती, आणि झाली तरी बँड कोण ठरविणार? १९८३ च्या पावसाळ्यात अँप्लिफायर गेला. तो लालबागेच्या एका बेंजो पार्टीने घेतला. त्यानंतर महिनाभरात गिटार गेली. विकण्यापूर्वी काकांनी तीतील एक कॉईल काढून घेतली. “घेणाऱ्याला एक पुरे आहे,” एवढेच ते बोलले. त्या वर्षीच्या विसर्जनाला आम्ही त्यांच्यासोबत रस्त्याच्या कडेला उभे होतो. एक बेंजो पार्टी पुढून गेली. काकांनी आमचा दंड धरला. “आपला आहे,” ते म्हणाले. भोंग्यांच्या, ढोलांच्या त्या गदारोळात त्यांनी आपल्या वाल्वांचा आवाज ओळखला होता. मिरवणूक चिंचपोकळीच्या पुलाकडे दिसेनाशी होईतो ते हलले नाहीत. १९९७ साली ते वारले. गिटारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढे काळ बदलला. १९९१ पासून आयात सैल होत गेली, आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेली परिमाणबंधनेही उठली. आज पैसे असले तर कोणतीही गिटार घरपोच येते. उसनवारी संपली, याचा आम्हांस आनंदच आहे. गरिबीतून कला फुलते वगैरे म्हणणारांनी आधी तसबिरीच्या कोपऱ्यात उभे राहून वाजवून पाहावे.

आता त्या पट्टीविषयी. पुतण्याच्या गिटारवर बोटे टेकताच ओळख पटली, कारण ती पट्टी शिसवीची आहे. इंग्रजीत ज्याला रोझवुड म्हणतात ते पूर्वी ब्राझीलचे असे. ते दुर्मीळ झाल्यावर जगभरचे गिटार बनविणारे आपल्या सह्याद्रीच्या आणि दक्षिणेकडील रानांतील शिसवाकडे वळले. याच लाकडावरून २०११ साली अमेरिकी सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले होते: भारतातून आलेल्या शिसव आणि अबनूसाच्या अर्धवट घडविलेल्या पट्ट्या भारतीय निर्यात नियमांत बसतात की नाही, असा तो वाद. २०१२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने तीन लाख डॉलरांचा दंड भरला, तोही मादागास्करच्या अबनूसाच्या जुन्या प्रकरणात, आणि भारतीय लाकूड तिला परत मिळाले. २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या कुळाच्या व्यापारास आंतरराष्ट्रीय परवाना लागू झाला. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली. म्हणजे आजीच्या पलंगाच्या खुराचे सोयरे समुद्रापार गेले, तेथे पडदे ठोकून घेतले, आणि लाखांच्या भावाने दादरला परत आले. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग पलंगच का नाही पाठवला?”

अखेर पुतण्याने गिटार अँप्लिफायरला जोडली. आम्ही कान टवकारून बसलो ते सुरांसाठी नव्हे, गुणगुणीसाठी. ती आली नाही. खोलीत ट्यूबलाइट होती, पंखा होता, शेजारच्या घरात मिक्सर चालू होता. आणि तारांवर हात ठेवलेली ती गिटार पूर्ण गप्प होती. मग त्याने एक स्वर लावला आणि तो सोडून दिला. तो स्वर जो राहिला, तो राहिलाच. भावाने चहाचा कप बशीत ठेवला, तरी तो संपला नव्हता. भाऊ काही बोलला नाही. उठून आत गेला आणि बिस्किटांचा एक गंजका पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात मेणकापडात गुंडाळलेली काकांची कॉईल होती. ती घरात आहे हे आम्हांसही ठाऊक नव्हते.

पुतण्याने ती दिव्याखाली धरून पाहिली. वेढे हाताने घातलेले, एका कडेला थोडे फुगलेले. त्याने मीटर आणला, त्याची दोन टोके कॉईलच्या दोन टोकांना टेकवली. काटा नव्हे, आता आकडे येतात. ते क्षणभर नाचले आणि साडेपाच हजार ओहमांवर स्थिरावले.

“काका,” तो म्हणाला, “कुठेही तुटलेली नाही.”